रक्ताचा हिशेब तपासणारा

पेढीवर बसणाऱ्याला सगळा बाजार ओळखतो. वह्या तपासणाऱ्याचे नाव सहसा कोणाला ठाऊक नसते. पेढी खरोखर नफ्यात आहे की नुसती तशी दिसते, हे मात्र त्या दुसऱ्यालाच सांगता येते. वैद्यकात हे काम पॅथॉलॉजिस्टकडे, म्हणजे विकृतिशास्त्रज्ञाकडे असते. रुग्ण आपल्या डॉक्टरांचे नाव आयुष्यभर विसरत नाही. पण ज्या व्यक्तीने त्याच्या रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून रोगाला नाव दिले, तिची अहवालाच्या तळाशी असलेली सही क्वचितच कोणी वाचतो.

रक्ताच्या कर्करोगात या सहीचे मोल सर्वाधिक असते. पोटाची किंवा स्तनाची गाठ हाताला लागते, स्कॅनमध्ये दिसते, शल्यचिकित्सक ती कापून काढतो. रक्ताला असा एक ठाव नाही. ते अंगभर फिरते, आणि त्यातला रोगही अंगभर फिरतो. तिथे कापण्यासारखे काही नसते. रोग आहे का, असल्यास कोणता, किती घाईने उपचार हवेत, आणि कोणते औषध लागू पडेल, या चारही प्रश्नांची उत्तरे पेशींकडे पाहूनच द्यावी लागतात.

‘पांढरे रक्त’

या शोधाची सुरुवात १८४५ साली झाली. त्या वर्षी एडिंबरोत जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनमध्ये रुडॉल्फ विर्शो या दोघांनी, एकमेकांपासून दूर, अशा मृत रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले की ज्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा विलक्षण सुकाळ झाला होता. बेनेट यांना वाटले, रक्तात पू झाला आहे. चोविशीच्या उंबरठ्यावरच्या विर्शो यांनी अधिक सावध भूमिका घेतली. शरीरात पू होण्यासारखी जखम किंवा संसर्ग दिसत नाही, तेव्हा याला पू म्हणणे योग्य नव्हे, असे त्यांनी मानले आणि जे दिसले तेवढेच नोंदवले: पांढरे रक्त. १८४७ मध्ये त्यांनी याच अर्थाचा ग्रीक शब्द योजला, ‘ल्युकेमिया’. जे पाहिले नाही ते न सांगण्याचा हा संयम आजही या शास्त्राचा पाया आहे.

रक्ताच्या पेशी हाडांच्या पोकळीतील मज्जेत तयार होतात, हे त्यानंतर वीसेक वर्षांनी अर्न्स्ट नॉयमान यांनी दाखवले. निरोगी प्रौढ माणसाची अस्थिमज्जा दररोज सुमारे वीस हजार कोटी तांबड्या पेशी घडवते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस टिकते, बिंबिका म्हणजे प्लेटलेट आठ ते दहा दिवस, तर काही पांढऱ्या पेशी जेमतेम एखादा दिवस. इतका माल रोज आत येतो, इतका रोज बाहेर जातो, आणि तरी रोजची शिल्लक जवळजवळ सारखी राहते. मज्जेतील एखादी पेशी हा नियम मोडून स्वतःच्याच अपक्व प्रती काढू लागली, की ल्युकेमियाची सुरुवात होते. त्या प्रती जागा अडवतात, आणि कामाच्या पेशींना वाढायला वाव उरत नाही. म्हणून रुग्ण फिकट पडतो, त्याला वारंवार ताप येतो, हिरड्यांतून रक्त येते, अंगावर जांभळे डाग उमटतात. मूळ कारण एकच असते; लक्षणे मात्र वेगवेगळ्या दारांतून बाहेर येतात.

आकडा आणि नजर

पहिली पायरी सर्वांच्या ओळखीची आहे. दंडातून घेतलेले थोडे रक्त यंत्रात जाते आणि मिनिटभरात सीबीसीचा कागद बाहेर येतो. एका मायक्रोलिटर रक्तात पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार आणि बिंबिका दीड ते साडेचार लाख, ही प्रौढांची साधारण मर्यादा. यंत्र मोजण्यात पटाईत आहे. पेशी संशयास्पद वाटली तर ते खूणही करते. त्या खुणेनंतरचे काम माणसाचे.

रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर ठेवून दुसऱ्या काचेच्या कडेने तो पसरतात. थर इतका पातळ व्हावा लागतो की पेशी एकमेकींवर न चढता शेजारी शेजारी बसल्या पाहिजेत. मग त्यावर रंग चढवतात. भारतातील बहुतेक प्रयोगशाळांत यासाठी लीशमन यांचे रंगद्रव्य वापरतात. ते १९०१ सालचे आहे. त्यातील निळा आणि तांबूस असे दोन रंग पेशीचे वेगवेगळे भाग आपापल्या आवडीप्रमाणे धरतात. केंद्रक जांभळे दिसते, तांबड्या पेशी गुलाबी होतात, कणांचे रंग निरनिराळे उठतात. हजारपट मोठे करून पाहणाऱ्या भिंगाखाली पॅथॉलॉजिस्ट ही पट्टी ओळीने वाचत जातो.

त्याला दिसते ते यंत्राला नेहमीच दिसत नाही. समजा, अहवालात बिंबिका तीस हजार आल्या. घरात हाहाकार उडतो, रक्तदात्यांची शोधाशोध सुरू होते. पट्टीवर मात्र दिसते की बिंबिका भरपूर आहेत. नळीतील रसायनामुळे त्या एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके झाले आणि यंत्राने पुंजके मोजलेच नाहीत. अशा वेळी वेगळ्या नळीत पुन्हा रक्त घेतले की प्रश्न मिटतो. विषाणूजन्य तापातही पांढऱ्या पेशी आकाराने मोठ्या आणि वेड्यावाकड्या होतात. नवख्या नजरेला त्या कर्करोगाच्या वाटतात. अनुभवी नजर सांगते, या पेशी शत्रूशी झुंजत आहेत, त्या स्वतः शत्रू नाहीत. उलट, आकडे जवळपास ठीक असतानाही शंभरांत दोन-चार अपक्व पेशी पट्टीवर सापडतात. त्यांचे केंद्रक मोठे, त्याची वीण नाजूक, आणि आत एखादा फिकट ठिपका. या पेशींना ‘ब्लास्ट’ म्हणतात. रक्तात त्यांची जागा नाही. त्या दिसल्या की पॅथॉलॉजिस्ट अहवाल छापून येण्याची वाट पाहत नाही. तो दूरध्वनी उचलतो.

शाकाहारी घरांसाठी एक सावधगिरी

या शास्त्रातील सर्वांत अवघड पेचांपैकी एक आपल्या समाजाच्या अगदी दारात उभा आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात नैसर्गिकरीत्या जवळजवळ नसते. दूध-दह्यातून ते काही प्रमाणात मिळते. पण आहार बेताचा असेल, वय झाले असेल, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठी गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील, तर शरीराला ते पुरत नाही. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून तूट फार हळू उघड होते. भांडवल आतून संपत चाललेले असते आणि दुकान मात्र उघडे असते.

ब-१२ अभावी पेशींची केंद्रके वेळेवर पक्व होत नाहीत. मज्जेत मोठमोठ्या, कोवळ्या दिसणाऱ्या पेशींची गर्दी होते, आणि रक्तात मात्र तांबड्या, पांढऱ्या व बिंबिका अशा तिन्ही पेशी घटतात. हे चित्र ल्युकेमियाच्या, आणि त्याहून अधिक मायलोडिस्प्लेशिया या मज्जाविकाराच्या, चित्राशी इतके जुळते की पूर्वमाहिती नसेल तर तज्ज्ञही चकावा. पॅथॉलॉजिस्ट अशा वेळी लहान पुरावे गोळा करतो. तांबड्या पेशी मोठ्या आणि अंडाकृती आहेत का? पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला नेहमीच्या तीन-चार पाकळ्यांऐवजी पाच-सहा पाकळ्या आहेत का? रुग्ण काय खातो? शेवटचा प्रश्न काचपट्टीवर लिहिलेला नसतो. तो कुटुंबाने सांगायचा असतो. ‘शुद्ध शाकाहारी, दूध घेत नाही, दोन वर्षे मेटफॉर्मिन चालू’ एवढे तपासणीच्या अर्जावर लिहिले तर एका घरावरचे भीषण सावट टळू शकते. ब-१२ची इंजेक्शने सुरू होताच आठवडाभरात नव्या तांबड्या पेशी रक्तात उतरू लागतात, आणि निदान आपोआप सिद्ध होते.

याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. वर्षीतप किंवा पर्युषणातील अठ्ठाईनंतर अशक्तपणा आला, चेहरा पांढरा पडला, तर घरात सहज म्हटले जाते की तपामुळे झाले. बहुधा ते खरेही असते. परंतु पारण्यानंतर काही आठवडे उलटूनही फिकटपणा जात नसेल, ताप येत असेल किंवा अंगावर डाग उठत असतील, तर त्याचा बोल तपश्चर्येवर ठेवून थांबणे धोक्याचे आहे. रक्त तपासून घेण्याने तपाला उणेपणा येत नाही. ब-१२च्या गोळ्यांविषयीही अनेकांच्या मनात शंका असते. बाजारातील ब-१२ सूक्ष्मजीवांच्या किण्वनातून तयार होते. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असू शकते; ते टाळायचे असेल तर साधी गोळी मागावी.

मुंबईच्या गिरणीपासून बॉस्टनपर्यंत

रक्तक्षय आणि ल्युकेमिया यांच्या या साम्यातूनच पुढे औषध सापडले, आणि त्या कथेचा आरंभ मुंबईत आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांमध्ये मोठ्या तांबड्या पेशींचा एक जीवघेणा रक्तक्षय आढळत असे. विल्स यांनी त्यांचा आहार तपासला आणि दाखवून दिले की यीस्टचा स्वस्त अर्क दिल्याने त्या बऱ्या होतात. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले गेले, म्हणून पानावरूनच त्याला नाव मिळाले.

पुढे बॉस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर या पॅथॉलॉजिस्टने विचार केला, की ज्या द्रव्याने मज्जेच्या पेशी वाढतात, तेच अडवले तर ल्युकेमियाची वाढही अडेल. फॉलिक आम्लाला रोखणारे अमिनोप्टेरिन त्यांना औषध कंपनीत काम करणाऱ्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूकडून मिळाले. सुब्बाराव आंध्रातील भीमावरमचे. १९४७ च्या अखेरीस ते ल्युकेमियाच्या मुलांना दिले गेले. जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार सोळापैकी दहा मुलांमध्ये सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती, पण तोवर या रोगात कोणत्याही औषधाने असे कधी घडले नव्हते. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही मुलांच्या ल्युकेमियात वापरतात. सारे आयुष्य तळघरातील प्रयोगशाळेत काढणाऱ्या शाखेतील एका माणसाने केमोथेरपीचे दार उघडले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

हाडातील पुरावा

पट्टीवर संशय आला की पुढची पायरी अस्थिमज्जेची तपासणी. तिच्याविषयी घराघरांत विनाकारण भीती आहे. ‘कण्यातून पाणी काढतात, मग माणूस लुळा होतो’ असे सांगणारे शेजारी ठिकठिकाणी भेटतात. वास्तविक सुई कमरेच्या मागच्या हाडात, जागा बधिर करून घालतात. पाठीच्या कण्याशी तिचा संबंध नसतो. ओढून घेतानाची एक तीव्र कळ येते, हे खरे आहे, पण ती क्षणाची असते. थोडी पातळ मज्जा पट्टीवर पसरतात, आणि हाडाचा दीड-दोन सेंटिमीटरचा बारीक तुकडा वेगळा घेतात. पातळ मज्जेचे प्राथमिक उत्तर त्याच दिवशी मिळू शकते. हाडाचा तुकडा मऊ करून, मेणात बसवून, कापून पाहावा लागतो. म्हणून त्याला काही दिवस लागतात. ‘एवढा वेळ का?’ असा त्रागा करण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

मज्जेत पॅथॉलॉजिस्ट पाचशे पेशी एकेक करून मोजतो. त्यांत ब्लास्ट वीस टक्के किंवा अधिक असतील तर सर्वसाधारणपणे तीव्र ल्युकेमियाचे निदान होते. एकोणीस आणि एकवीस यांतले अंतर कागदावर दोन टक्क्यांचे. रुग्णाच्या दृष्टीने ते दोन वेगळ्या उपचारांचे असू शकते. म्हणून मोजदाद दोघांनी स्वतंत्रपणे करण्याची पद्धत चांगल्या संस्थांत असते. रोख रक्कम दोघांनी मोजावी, तसेच हे आहे.

एका रात्रीचा प्रश्न

काही निदानांना दिवसांची सवड असते. एका निदानाला तासांचीही नसते. ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा तो प्रकार. त्यात रक्त गोठण्याची व्यवस्थाच कोलमडते, आणि रुग्ण मेंदूतील रक्तस्रावाने एक-दोन दिवसांत दगावू शकतो. १९५७ मध्ये नॉर्वेतील हिलेस्ताद यांनी या प्रकाराचे वेगळे वर्णन केले, तेव्हा तो ल्युकेमियातील सर्वांत घातक प्रकार मानला गेला.

१९८५ मध्ये शांघायमधील वांग झेन्यी यांनी एका पाच वर्षांच्या मुलीला ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातील एक औषध दिले. ते नादुरुस्त पेशींना मारत नाही. त्यांना पक्व होण्यास भाग पाडते. मुलगी बरी झाली. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने चोवीस रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि चोवीसही रुग्णांचा रोग आटोक्यात आला होता. पुढे चीनमधल्याच हार्बिन येथील कामातून आर्सेनिकचाही उपयोग समोर आला. आज ही दोन औषधे एकत्र देऊन या आजाराचे दहापैकी नऊ किंवा अधिक रुग्ण बरे होऊ शकतात. तीव्र ल्युकेमियात यापेक्षा चांगला निकाल क्वचितच मिळतो.

परंतु अट एकच: औषध वेळेवर सुरू झाले पाहिजे. जनुकीय चाचणीचा निकाल येण्याआधीच, निव्वळ संशयावर, ते सुरू करावे लागते, आणि तो संशय येतो काचपट्टीवरून. पेशीत दाट कण दिसतात, आणि सरपणाच्या मोळीसारख्या एकत्र पडलेल्या बारीक काड्या दिसतात. रात्री आठ वाजता आलेली पट्टी ‘सकाळी पाहू’ म्हणून बाजूला ठेवली, तर बरा होण्याजोगा माणूस सकाळ पाहीलच असे नाही. या शास्त्रात आळसाची किंमत इतकी रोखठोक मोजावी लागते.

एकाच रोगाच्या अनेक बाजू

आंधळे आणि हत्ती यांची गोष्ट जैन घरात लहान मुलालाही ठाऊक असते. रक्ताच्या कर्करोगाचे आजचे निदान त्या दृष्टांताचेच उदाहरण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या वर्गीकरणापासून असे मानले जाते की पेशीचे रूप, तिच्या पृष्ठभागावरील खुणा, तिची गुणसूत्रे आणि रुग्णाची लक्षणे, या सर्वांचा मेळ घालूनच नाव द्यावे. एकाच अंगाला हात लावून हत्ती सांगू नये.

पृष्ठभागावरील खुणा पाहण्यासाठी फ्लो सायटोमेट्री हे तंत्र आहे. पेशींना चमकणारी प्रतिद्रव्ये चिकटवून त्या एकामागून एक लेसरसमोरून, सेकंदाला हजारोंच्या वेगाने, जाऊ देतात. सीडी १९ ही खूण असेल तर पेशी ‘बी’ घराण्याची, सीडी ३ असेल तर ‘टी’ घराण्याची, सीडी ३३ असेल तर बहुधा मायलॉइड. सूक्ष्मदर्शकात दोन पेशी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. त्यांची गोत्रे मात्र इथे उघड होतात, आणि उपचार गोत्रावर ठरतो. हीच खूण पुढे औषधाचे लक्ष्यही ठरते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या कार-टी उपचारात, रुग्णाच्याच पेशींना सीडी १९ ओळखायला शिकवले जाते. उपचारानंतर दहा हजार पेशींत एखादी रोगट पेशी उरली आहे का, हेही याच यंत्रावर तपासता येते.

गुणसूत्रांची कथा त्याहून बोलकी आहे. १९६० मध्ये फिलाडेल्फिया येथे पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांमध्ये एक आखूड गुणसूत्र आढळले. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवले की नऊ आणि बावीस क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपले तुकडे परस्परांत बदलले आहेत. या चुकीच्या जोडणीतून तयार होणाऱ्या प्रथिनालाच अडवणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. ज्या रोगात रुग्ण सरासरी चार-पाच वर्षे जगत, त्यात आज बहुतेकांचे आयुर्मान इतरांच्या जवळपास येते. भारतात हे औषध सामान्यांच्या आवाक्यात राहिले, त्यामागे पेटंटसंबंधीचा लढा होता. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीची मागणी फेटाळली. परंतु गोळी स्वस्त असून भागत नाही. ती कोणाला द्यायची, हे सांगणारी चाचणी आधी व्हावी लागते.

गाठ आणि पाठदुखी

रक्ताच्या कर्करोगाची आणखी दोन रूपे घरच्यांनी ओळखून ठेवावीत. मान, काख किंवा जांघेत आलेली, न दुखणारी, आठवडे उलटले तरी न जाणारी गाठ हे एक. आपल्या देशात अशी गाठ बऱ्याचदा क्षयाची असते, म्हणून कधीकधी तपासणी न करताच क्षयाची औषधे सुरू होतात आणि लिम्फोमाचे काही महिने वाया जातात. सुईने काढलेला नमुना पुरेसा नसेल तर पूर्ण ग्रंथी काढून पाहणे आवश्यक ठरते, कारण पेशींइतकीच त्यांची मांडणीही पाहावी लागते. आणखी एक गोष्ट: निदानापूर्वी स्टेरॉइड घेतले तर गाठ झपाट्याने विरते, सर्वांना आनंद होतो, आणि पुरावा नाहीसा होतो. रोग मात्र तिथेच असतो.

दुसरे रूप मायलोमाचे. साठी ओलांडलेला, गादीवर बसून व्यवहार पाहणारा गृहस्थ पाठदुखीची तक्रार करतो. वय आणि बैठक यांना दोष देऊन मलम चोळले जाते. सोबत हिमोग्लोबिन घटले असेल, क्रिएटिनिन वाढले असेल, तर रक्तातील प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस ही साधी चाचणी पुष्कळ काही सांगून जाते.

घरच्यांचे कर्तव्य

जुन्या वह्या जपणाऱ्या समाजाने जुने अहवालही जपावेत. पाच वर्षांपूर्वीचे हिमोग्लोबिन समोर असेल तर आजच्या आकड्याला अर्थ येतो. सवलतीच्या पॅकेजमधील साठ चाचण्यांपेक्षा, जाणत्या पॅथॉलॉजिस्टने पाहिलेली एक काचपट्टी अनेकदा अधिक उपयोगी ठरते. मोबाइलवर आलेला अहवाल नातेवाइकांच्या गटात टाकण्याआधी डॉक्टरांना दाखवावा. लाल अक्षरातला प्रत्येक आकडा कर्करोग नसतो. मज्जेच्या पट्ट्या आणि मेणाचे ठोकळे मागून घेऊन मोठ्या केंद्रात दुसरे मत घेता येते. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लपवू नये. घरात लग्नाची मुले आहेत, स्थळे मोडतील, या भीतीने तपासणी परगावी, खोट्या नावाने, उशिरा करण्याचे प्रकार घडतात. रक्ताचा कर्करोग संसर्गाने पसरत नाही, आणि बहुतांश रुग्णांत तो पिढीजातही नसतो. खोट्या नावावरच्या नमुन्याला मागचा इतिहास नसतो, आणि इतिहासाशिवाय काचपट्टी अर्धीच बोलते.

न दिसणारे दान

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने निवर्तल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन झाला. ल्युकेमियाच्या संशोधनाला तो आजही साहाय्य करतो. दोराबजींनी पत्नीसाठी घेतलेला २४५ कॅरटचा ज्युबिली हिराही त्यांच्या मृत्यूनंतर विकला गेला आणि त्याचे पैसे त्यांच्या धर्मादाय ट्रस्टकडे गेले. त्याच ट्रस्टने परळला उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर या पॅथॉलॉजिस्टने वाहिली. कर्करोगाचे रुग्णालय उभारताना प्रयोगशाळेला आरंभापासून मानाचे स्थान देण्याची ही दूरदृष्टी होती.

आपल्या समाजात दानाची कमतरता नाही. महावीर जयंतीची रक्तदान शिबिरे, धर्मशाळा, डायलिसिसची यंत्रे, रुग्णवाहिका सर्वत्र दिसतात. काचपट्टी वाचणाऱ्याच्या टेबलासाठी मात्र देणगी क्वचित येते, कारण तिथे नावाची पाटी लावायला भिंत नसते. एखाद्या गरीब मुलाच्या फ्लो सायटोमेट्रीचा किंवा गुणसूत्र चाचणीचा खर्च उचलणारा निधी, जिल्ह्याच्या रुग्णालयाला चांगला सूक्ष्मदर्शक, तरुण पॅथॉलॉजिस्टला मोठ्या केंद्रात सहा महिने शिकण्यासाठी शिष्यवृत्ती, असे दान ट्रस्टच्या वार्षिक सभेत मांडून पाहण्यासारखे आहे.

परंपरेने आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. अचूक निदानात शेवटची तिन्ही एकत्र येतात. औषध कोणते ते ठरते, रोगाचे ज्ञान होते, आणि ज्याला कर्करोग नाही त्याला त्याच संध्याकाळी अभय मिळते. ज्याला तो आहे, त्यालाही निदान आपल्या शत्रूचे नाव कळते, आणि लढाई अंधारात लढावी लागत नाही.